सस्पेंडेड सेव्हन्थ कॉर्ड : पालट की मूर्च्छना?

१

पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासक्रमात कॉर्डचे इन्व्हर्शन, म्हणजेच कॉर्डचा पालट, हा विषय प्रारंभीच येतो आणि एकदा शिकल्यावर त्याचा पुनर्विचार करण्याची गरज कोणास भासत नाही. तीन किंवा चार स्वरांचा एक समूह घ्यावयाचा, त्यातील सर्वांत खालचा स्वर उचलून वरच्या सप्तकात ठेवावयाचा, आणि तळाशी आलेल्या नव्या स्वरावरून त्या रचनेस पहिला, दुसरा अथवा तिसरा पालट म्हणावयाचे, इतकी ही सोपी क्रिया आहे. तळाचा स्वर बदलला तरी कॉर्डचा मूळ स्वर बदलत नाही, हे या क्रियेमागील गृहीतकृत्य होय. झां-फिलिप रामो याच्या १७२२ मधील हार्मनीविषयक ग्रंथाने या कल्पनेस शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पुढील तीन शतकांचे अध्यापन बहुतांशी तिच्याच आधारे चालत आले.

हे गृहीतकृत्य सर्व कॉर्डांना सारखेच लागू पडते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सस्पेंडेड सेव्हन्थ या कॉर्डच्या बाबतीत तो विचारणे अपरिहार्य ठरते. विशेषतः गिटारसारख्या वाद्यावर ही कॉर्ड वाजवू लागले म्हणजे पालटाची नेहमीची व्याख्या अपुरी पडते, आणि तिच्या जोडीस भारतीय संगीतशास्त्रातील एक जुनी कल्पना, मूर्च्छनेची कल्पना, घ्यावी लागते. या दोहोंमधील भेद स्पष्ट करणे व तो वादकाच्या बोटांपर्यंत नेऊन पोहोचविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम कॉर्डचे स्वरूप पाहावे. ‘ए सेव्हन्थ’ या सर्वपरिचित कॉर्डमध्ये ए, सी शार्प, ई आणि जी हे चार स्वर असतात. ए हा षड्ज मानला तर ते अनुक्रमे षड्ज, शुद्ध गांधार, पंचम आणि कोमल निषाद होत. यातील गांधार काढून त्याच्या जागी शुद्ध मध्यम, म्हणजे डी, ठेवला की ‘ए सेव्हन सस फोर’ ही कॉर्ड सिद्ध होते : ए, डी, ई, जी, अथवा सा, म, प आणि कोमल नी.

‘सस्पेंडेड’ हे विशेषण ऐतिहासिक आहे. सोळाव्या शतकातील बहुस्वरी गायनात एका स्वरसमूहातील एखादा स्वर पुढील समूहावर तसाच रोखून धरण्याची व नंतर तो एक पायरी खाली उतरविण्याची प्रथा होती. आधी तयारी, मग रोध, आणि शेवटी निरसन, अशी तिची तीन अंगे. योहान योसेफ फुक्स याने १७२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ग्रादुस आद पार्नासुम’ या ग्रंथात काउंटरपॉइंटच्या पाच प्रकारांपैकी चौथा प्रकार या रोखलेल्या स्वरालाच वाहिलेला आहे. या दृष्टीने पाहता मध्यम हा गांधाराच्या घरी आलेला पाहुणा होय. तो केव्हा तरी उठणार आणि यजमान आपल्या जागी येऊन बसणार, ही अपेक्षा त्याच्या नावातच गर्भित आहे.

तथापि गांधाराच्या जाण्याने होणारी हानी केवळ एका स्वराची नाही. ए सेव्हन्थमध्ये सी शार्प व जी यांच्यात तीन पूर्ण स्वरांचे अंतर असते. ते कर्कश असले तरी त्या कॉर्डचे ओळखपत्र तेच आहे. चार स्वरांत असे अंतर एकदाच येते, आणि ते कोठे आहे हे कानाला समजले की मूळ स्वर कोणता हेही समजते. म्हणूनच ए सेव्हन्थ कोणत्याही पालटात वाजविली तरी ती ए सेव्हन्थच राहते. सी शार्पच्या जागी डी येताच हे अंतर नाहीसे होते. उरलेले चार स्वर ई, ए, डी, जी या क्रमाने लावले तर प्रत्येक दोन शेजाऱ्यांमध्ये एकच अंतर आढळते, ते म्हणजे षड्ज-मध्यमाचे. ही मांडणी खालून वर मोजली काय अथवा वरून खाली मोजली काय, अंतरांचा क्रम तोच राहतो. ज्या रचनेस अशी समरूपता आहे, तिच्यात घराचा धनी कोण हे केवळ रचनेकडे पाहून सांगता येणे शक्य नाही.

३

गिटारच्या अभ्यासकास या ठिकाणी थबकावे लागते, कारण ई, ए, डी, जी हा क्रम त्याला अपरिचित नाही. त्याच्या वाद्याच्या खालच्या चार तारा याच स्वरांत मिळविलेल्या असतात. डाव्या हाताचे एकही बोट न टेकता सहाव्या तारेपासून तिसऱ्या तारेपर्यंत छेड दिली तर जी कॉर्ड ऐकू येते, ती शास्त्रानुसार ए सेव्हन सस फोर या कॉर्डचा दुसरा पालट होय. दुसरा अशासाठी की पंचम, म्हणजे ई, तळाशी आहे. अन्य कॉर्डा गिटारवर बोटांनी घडवाव्या लागतात. ही कॉर्ड वाद्य मिळविताक्षणीच तयार असते.

तिसऱ्या व दुसऱ्या तारेमध्ये मात्र मध्यमाऐवजी शुद्ध गांधाराचे अंतर ठेवलेले आहे. सर्वच तारा मध्यमाच्या अंतराने मिळविल्या असत्या तर ई, ए, डी, जी, सी, एफ अशी मिळवणी झाली असती आणि दोन टोकांच्या तारांत अर्ध्या स्वराचा विसंवाद उत्पन्न झाला असता. एका अंतराला मुरड घातल्यामुळे दोन्ही टोकांना ई येतो आणि एक बोट आडवे टेकून सहाही तारा दाबणे संगीतदृष्ट्या उपयुक्त ठरते. परंतु या सोयीचे मूल्य द्यावे लागते. एकच स्वररचना वेगवेगळ्या तारांवर वेगवेगळ्या आकृतीत दिसू लागते. ई-ए-डी-जी हीच रचना सहाव्या ते तिसऱ्या तारेवर मोकळी मिळते. पाचव्या ते दुसऱ्या तारेवर ती ७-७-७-८ या फ्रेटांवर, तर चौथ्या ते पहिल्या तारेवर २-२-३-३ या फ्रेटांवर मिळते. कान ज्याला एक म्हणतो त्याला डोळा तीन म्हणतो. गिटार केवळ आकृत्यांच्या आधारे शिकविणाऱ्या पद्धतीचा मुख्य दोष येथेच आहे. ती विद्यार्थ्यास तीन आकृत्या देते, पण त्या तिन्हींत एकच वस्तू आहे हे सांगण्याचे राहून जाते.

४

आता पालटांकडे वळावे. पियानोवर हे चार स्वर लगोलग ठेवून क्रमाने उलटविता येतात. गिटारवर ते बहुधा साधत नाही. उदाहरणार्थ डी-ई-जी-ए हा पहिला पालट लगतच्या चार तारांवर घ्यावयाचा तर तो चौथीपासून पहिलीपर्यंत १२-९-८-५ असा पडतो, आणि इतका विस्तार हाताच्या आवाक्यात बसत नाही. म्हणून वादक एक युक्ती योजतात. लगोलग ठेवलेल्या चार स्वरांतील वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली उतरवावयाचा, आणि मग रचना मोकळी होऊन चार तारांवर सहज पसरते. जॅझ वादकांच्या परिभाषेत हिला ‘ड्रॉप टू’ म्हणतात. या पद्धतीने चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत चार आकृत्या सिद्ध होतात.

पहिली आकृती २-२-३-३ ही असून तिचे स्वर ई, ए, डी, जी होत. तळाशी पंचम आहे, सबब हा दुसरा पालट. दुसरी आकृती ५-७-५-५ ही. स्वर जी, डी, ई, ए. तळाशी निषाद, म्हणून तिसरा पालट. तिसरी ७-९-८-१०, स्वर ए, ई, जी, डी, मूळ स्वर तळाशी असल्याने ही मूळ स्थिती. चौथी १२-१२-१०-१२, स्वर डी, जी, ए, ई, तळाशी मध्यम, म्हणजे पहिला पालट. हाताच्या चढत्या क्रमाने जाता वरच्या तारेवर अनुक्रमे जी, ए, डी, ई हे स्वर येतात. म्हणजे या चार आकृत्या एका कॉर्डच्या चार स्थिती असून त्याचबरोबर चार स्वरांची एक चढती चालही आहे. पालट शिकण्याचा पहिला प्रत्यक्ष लाभ हाच. साथ करणाऱ्या वादकास वरचा स्वर निवडता येतो, आणि कॉर्डांच्या माथ्यावरून एक सलग स्वरपंक्ती नेता येते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक आकृतीत रोखलेला स्वर डी हा वेगळ्या तारेवर बसलेला आहे, आणि त्याचे निरसन, म्हणजे सी शार्पवर उतरणे, प्रत्येक ठिकाणी एकाच फ्रेटच्या अंतरावर आहे. पहिल्या आकृतीत तो दुसऱ्या तारेवर आहे. तो खाली येताच २-२-२-३ ही ए सेव्हन्थ मिळते. दुसऱ्या आकृतीत तो तिसऱ्या तारेवर आहे. ५-७-५-५ चे ५-६-५-५ होते. तिसऱ्यात तो सर्वांत वर आहे; ७-९-८-१० चे ७-९-८-९ होते. चौथ्यात तो सर्वांत खाली आहे. १२-१२-१०-१२ चे ११-१२-१०-१२ होते, आणि जुन्या काउंटरपॉइंटमध्ये ज्यास तळातील सस्पेन्शन म्हणत त्याचा अनुभव येतो. चारही ठिकाणी पाहुणा तोच आणि यजमानही तोच. फक्त घरातील बैठक बदलते. हा खराखुरा पालट होय, कारण तळ बदलूनही प्रत्येक स्वराचे कर्तव्य बदललेले नाही.

५

परंतु हाच विद्यार्थी पहिली आकृती निरसन न करता केवळ वाजवीत राहिला, आणि जोडीला सहावी मोकळी तार, म्हणजे खर्जातील ई, छेडीत राहिला, तर काय होते? ई हा षड्ज होऊन बसतो. मग जी हा त्याचा कोमल गांधार, ए मध्यम आणि डी कोमल निषाद ठरतो. ज्या कॉर्डमध्ये गांधार नाही अशी तिची ख्याती, तिच्यात अकस्मात गांधार ऐकू येतो आणि तोही कोमल. कॉर्डला मायनरची छटा चढते. सहावी तार एक पूर्ण स्वर उतरवून डी केली तर डी षड्ज होतो आणि उरलेले स्वर रिषभ, मध्यम व पंचम बनतात. येथे गांधारही नाही आणि निषादही नाही. जी तळाशी धरला तर सा, रे, प, ध असा प्रसन्न समूह प्राप्त होतो. स्वर चारच, फ्रेटही तेच, परंतु प्रत्येक स्वराचे नाते बदललेले आहे.

या घटनेस पालट म्हणणे युक्त नाही. भारतीय संगीताच्या अभ्यासकास तिचे नाव ठाऊक आहे. भूपाचेच पाच स्वर घेऊन गांधारास षड्ज मानले तर मालकंसाचे स्वर मिळतात. पंचमास षड्ज मानले तर दुर्गाचे. स्वर न बदलता षड्ज बदलणे ही मूर्च्छनेची क्रिया होय. पालटात षड्ज स्थिर राहतो व तळ हलतो. मूर्च्छनेत तळाबरोबर षड्जही हलतो. मेजर ट्रायडच्या बाबतीत हा भेद सहसा उद्भवत नाही. सी-ई-जी या समूहात ई तळाशी आला तरी कान सीलाच धनी मानतो. सस्पेंडेड सेव्हन्थमध्ये धन्याची खूणच पुसली गेलेली असल्यामुळे तळाचा प्रत्येक बदल हा पालटही असू शकतो आणि मूर्च्छनाही.

या दोहोंपैकी काय घडले हे ठरविणारे प्रमाण कॉर्डच्या बाहेर असते. मागे काय होऊन गेले, पुढे काय येणार आहे आणि खर्ज कोणी धरला आहे, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. वाद्यवृंदात खर्ज धरण्याचे काम बहुधा बेसकडे असते. गिटारवादकाच्या चौथ्या तारेवरील स्वर हा तेथे तळस्वर नसतोच. अशा वेळी गिटारवादकाने ‘दुसरा पालट वाजविला’ असे म्हणणे अर्धसत्य ठरते. त्याने एक वरची मांडणी पुरविली. ती पालट झाली की मूर्च्छना, हा निर्णय दुसऱ्याच वादकाच्या हाती राहिला.

६

१९५९ ते १९६५ या अल्प काळातील तीन प्रसिद्ध ध्वनिमुद्रणे या मीमांसेच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहेत.

पहिले मायल्स डेव्हिस यांच्या १९५९ मधील ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘सो व्हॉट’. पॉल चेंबर्स यांच्या बेसवरील वाक्याला बिल एव्हन्स यांचा पियानो दोन कॉर्डांनी उत्तर देतो. त्यांतील पहिलीचे स्वर खालून वर ई, ए, डी, जी, बी असे आहेत, आणि दुसरी तिच्याच मांडणीत एक पूर्ण स्वर खाली आहे. ई, ए, डी, जी, बी हा गिटारच्या खालच्या पाच मोकळ्या तारांचाच क्रम होय. निव्वळ रचना पाहणारा अभ्यासक त्यातील पहिल्या चार स्वरांना ए सेव्हन सस फोर म्हणेल. प्रत्यक्षात तेथे ए षड्ज नाही. रचनेचा तो सर्व भाग डी डोरियनमध्ये वावरतो. डी षड्ज धरला म्हणजे हे स्वर रे, प, सा, म, ध असे ऐकू येतात. हे मूर्च्छनेचे शुद्ध उदाहरण होय. येथे पालटाची भाषा वापरणे दिशाभूल करणारे ठरेल.

दुसरे उदाहरण अधिक वादग्रस्त आहे. बीटल्सच्या १९६४ मधील ‘अ हार्ड डेज नाइट’ या गीताच्या आरंभी वाजणाऱ्या एकाच कॉर्डवर अनेकांनी लेखणी झिजविली आहे. बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारवर आपण एफ कॉर्ड वाजवून वर जी ठेवला होता, असे जॉर्ज हॅरिसन यांनी २००१ मध्ये सांगितले; बेसवर डी आहे असे सामान्यतः मानले जाते. डलहौसी विद्यापीठातील गणितज्ञ जेसन ब्राउन यांनी २००४ मध्ये फूरिए विश्लेषणाच्या साहाय्याने त्या ध्वनीचे पृथक्करण केले आणि त्यात पियानोचाही वाटा असल्याचा निष्कर्ष काढला. या सर्व प्रयत्नांचा रोख कोणते स्वर कोणी वाजविले याकडे आहे. ते निश्चित झाले तरी नावाचा प्रश्न उरतोच. डी, एफ, ए, सी, जी हे स्वर डीपासून मोजले तर मायनर सेव्हन्थ आणि तिच्यावर मध्यम. एफपासून मोजले तर एफ मेजरमध्ये रिषभ व धैवताची भर. जीपासून मोजले तर सा, रे, म, प व कोमल नी, म्हणजे रिषभासह सस्पेंडेड सेव्हन्थ, आणि तळाशी डी असल्याने तिचा दुसरा पालट.

या तीन नावांत निवड करावयाची तर कॉर्डनंतर काय येते ते पाहावयास हवे. गीत जी मेजरवर सुरू होते. म्हणजे ज्या गांधाराची, बीची, जागा कॉर्डमध्ये सीने अडवून धरली होती तो गांधार पुढच्याच पावली येतो. हॅरिसन यांचा वरचा जी दोन्हीकडे समान आहे. या पुराव्यावरून सस्पेंडेड सेव्हन्थचा दुसरा पालट हे नाव सर्वांत समर्थनीय ठरते. मात्र समर्थनीय ठरते ते ऐकून झाल्यावर. कॉर्ड वाजते त्या क्षणी श्रोत्यापाशी कोणताही पूर्वसंदर्भ नसतो. तिच्या आधी केवळ शांतता असते. त्या क्षणी तिन्ही षड्ज संभवनीय असतात. जी येताच त्यांतील दोन मागे सरतात. त्या कॉर्डचे अविस्मरणीयत्व तिच्या स्वरांच्या दुर्मिळपणात शोधणारे विवेचन म्हणूनच अपुरे वाटते. ते या लांबणीवर टाकलेल्या निर्णयात शोधावयास हवे. अखेर कानाला कळते ते हे की आरंभीची मूर्च्छनेची शंका पालटात मिटली.

तिसरे उदाहरण हर्बी हॅनकॉक यांच्या १९६५ मधील ‘मेडन व्हॉएज’चे. येथे पहिल्या भागात डीवर व एफवर, प्रत्येकी चार मात्राखंड, सस्पेंडेड कॉर्ड उभी राहते. स्वरलिपीत ती बहुधा डीच्या बेसवर ए मायनर सेव्हन्थ आणि एफच्या बेसवर सी मायनर सेव्हन्थ अशी लिहिली जाते. मध्यम गांधारावर उतरत नाही, आणि तो उतरावा अशी अपेक्षाही रचना निर्माण करीत नाही. पाहुणा घरचाच झाला आहे. अशा ठिकाणी ‘सस्पेंडेड’ हे नाव केवळ कुळाचा उल्लेख म्हणून उरते. रॉन कार्टर यांचा बेस डी व एफ हे षड्ज ठामपणे धरून असल्यामुळे वरच्या चार-पाच स्वरांची मांडणी कशीही फिरविली तरी षड्जाविषयी संदेह उत्पन्न होत नाही. ही रचना गिटारवर वाजविणारास वर सांगितलेल्या चार आकृत्या निःशंकपणे एकामागून एक योजता येतात, कारण येथे त्या सर्व निव्वळ पालट आहेत.

७

यावर असा आक्षेप संभवतो की स्वर तेच असता नावांचा इतका काथ्याकूट कशासाठी? वादकाने योग्य फ्रेट दाबले म्हणजे पुरे. हा आक्षेप वरवर व्यवहार्य दिसतो, परंतु व्यवहारातच तो टिकत नाही. कॉर्डचे नाव हे तिच्या स्वरांचे वर्णन असते त्याहून अधिक पुढील स्वराविषयीचे विधान असते. २-२-३-३ या आकृतीला ए सेव्हन सस फोर म्हटले तर दुसऱ्या तारेवरील डी सी शार्पवर उतरणार, असे वादक मानतो आणि बोट त्या दिशेने सज्ज ठेवतो. तिलाच ई मायनर सेव्हन्थचे एक रूप म्हटले तर डी हा निषाद ठरतो, आणि तिसऱ्या तारेवरील ए हा बीकडे चढण्याचा किंवा जीकडे उतरण्याचा पर्याय पुढे येतो. तिला डी-षड्जाची मांडणी म्हटले तर कोणत्याच स्वराला घाई नसते. तीन नावे म्हणजे हाताच्या तीन भिन्न हालचाली होत. चुकीचे नाव घेणारा वादक पुढील कॉर्डकडे जाताना अडखळतो, याचे कारण हेच.

यातून अध्यापनाविषयी काही निष्कर्ष निघतात. चार आकृत्या पाठ करून घेण्याआधी पाचवी मोकळी तार सतत वाजती ठेवून त्या प्रत्येक आकृतीचे निरसन करावयास लावणे इष्ट होय. तंबोऱ्याने गायकास जे मिळते ते या तारेने वादकास मिळते. त्यानंतर पाचवीऐवजी सहावी तार वाजती ठेवून त्याच आकृत्या पुन्हा वाजवाव्यात आणि प्रत्येक स्वराचे सरगमनाम नव्याने म्हणावे. पहिल्या पाठात विद्यार्थी पालट शिकतो, दुसऱ्यात मूर्च्छना. दोन्ही पाठांत डाव्या हाताच्या आकृत्या तंतोतंत त्याच आहेत, ही गोष्ट त्याच्या ध्यानी आली म्हणजे आकृती आणि अर्थ या दोन भिन्न वस्तू आहेत हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. शेवटी दोन्ही तारा बंद ठेवून तीच २-२-३-३ एकटी वाजवावी आणि षड्ज कोणता ते त्याने स्वतः गाऊन दाखवावे. ए, डी, ई, जी यांपैकी कोणताही स्वर त्याने गायिला तरी पुढील कॉर्ड वाजेपर्यंत ते उत्तर चुकीचे ठरविता येणार नाही.